मदत हवी आहे: गाडीच्या दारातल्या स्पीकरचा बेस कमी करायला किती मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूरचे, वडिलांना आणि मला रोज सकाळी गाडीने बेळगावला जावे लागते. वाटेत वडिलांना अभंग लागतात. आवाज जरा वाढवला की पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीवर थाप पडताच पुढच्या दाराचे प्लास्टिक खरखरते आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडून जातात. दारावर तळहात दाबून धरला तर खरखर थांबते, म्हणून पॅनेल उघडून क्लिपांखाली फेल्टच्या पट्ट्या लावल्या; त्याने थोडा फरक पडला, पण घुमणे गेले नाही.

पुढे साडेसहा इंची, चार ओहमचे कोअ‍ॅक्शियल (मोठ्याच्या मध्यात छोटा बसवलेले) स्पीकर आहेत. स्टिरिओवरचा बेस उतरवला तर मागचे स्पीकरही पोकळ वाजतात, आणि ते मला आहेत तसेच हवे आहेत. स्टिरिओत हाय-पास फिल्टरची, म्हणजे खालचे स्वर अडवून वरचे जाऊ देण्याची, सोय नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक स्पीकरच्या एका तारेत एकसर जोडणीने कपॅसिटर घालावा असा विचार आहे. एका फिटरने तो स्पीकरच्या दोन टोकांना आडवा जोडायला सांगितले होते, पण तसे केल्यास बेस राहील, वरचेच स्वर कपॅसिटरमधून निघून जातील आणि भार स्टिरिओवर येईल, एवढे मला कळते.

१ भागिले (२ × पाय × रोध × धारिता) या सूत्राने चार ओहमला २२० मायक्रोफॅरडचा छेद (ज्याच्या खाली आवाज उतरत जातो ती कंप्रता) सुमारे १८० हर्ट्झला येतो, ३३० चा १२० ला आणि ४७० चा ८५ ला. उतार सप्तकाला सहाच डेसिबल असल्यामुळे २२० लावूनही ९० हर्ट्झ साधारण सात डेसिबलनेच उतरेल. मला तेवढे पुरेल असे वाटते, पण पुरुषी आवाज पातळ होण्याची भीती आहे. शिवाय स्पीकरचा रोध अनुनादाजवळ (ज्या कंप्रतेला तो आपसूक जास्त हलतो तिथे) चार ओहमच्या कितीतरी वर जातो, म्हणजे जिथे घुमते नेमके तिथेच हे गणित चुकणार. ज्यांनी हा प्रयोग केला आहे त्यांना प्रत्यक्षात कोणती किंमत बरी वाटली?

दुसरी अडचण मालाची आहे. एवढ्या मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) कपॅसिटर आमच्या बाजारात मिळाला नाही. दुकानदाराने ४७० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे साधे इलेक्ट्रोलिटिक काउंटरवर ठेवले. त्यांतल्या दोघांच्या ऋण टोकांना एकमेकांशी जोडले तर २३५ मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर होतो, हे ठाऊक आहे. परंतु उन्हात उभ्या गाडीच्या दारात, पावसाळ्यातल्या ओलीत, अशी जोडी किती टिकते? १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्यावेत का, आणि ते दारात बसवावेत की स्टिरिओमागे डॅशबोर्डच्या आत?