फायररेड: चॅम्पियन ब्लूपुढे चारिझार्ड टिकत नाही, संघ कसा लावावा?

रूट_बावीस यांचा प्रश्न:

‘पोकेमॉन फायररेड’ हा खेळ, सुरुवातीचा पोकेमॉन चारमँडर. चॅम्पियनच्या आधीच्या लान्सपर्यंत सगळे पार होतात, पण शेवटी प्रतिस्पर्धी ब्लूसमोर गाडी अडते. संघ असा (आकडे पातळीचे): चारिझार्ड ५६, जोल्टिऑन ५२, लॅप्रस ५१, स्नोरलॅक्स ५२, कडाब्रा ५०, पिजॉट ४९. पहिल्या जागेवर चारिझार्ड. ऱ्हायडॉन आला की तो जातो आणि मग पुढचे पत्ते कोसळतात. पातळी वाढवत बसावे की संघ बदलावा?

दुसरी शंका. खेळातला ब्लू आपल्या आधी चॅम्पियन होतो. ॲनिमे मालिकेतला गॅरी त्याच्यावरच बेतलेला असूनही लीगमध्ये लवकर बाहेर पडतो. हा फरक का केला असावा?

---

तिसरी_पिढी:

संघ चांगला आहे, क्रम चुकला आहे.

ब्लूचा संघ तुमच्या पहिल्या निवडीवर ठरतो. पिजॉट, अलाकझाम आणि ऱ्हायडॉन कायम असतात. गवत, आग, पाणी यांपैकी एक प्रकार त्याच्या स्टार्टरचा, उरलेल्या दोन प्रकारांसाठी एग्झेक्युटर, आर्केनाइन, गॅराडोस यांतले दोघे. तुम्ही चारमँडर घेतलात म्हणून त्याच्याकडे ब्लास्टॉइज. पाण्याची जागा भरली, म्हणून गॅराडोस नाही. आर्केनाइन आणि एग्झेक्युटर आहेत. पहिल्या लढतीत अलाकझाम ५७, पिजॉट व ऱ्हायडॉन ५९, ब्लास्टॉइज ६३.

या सहांत चारिझार्डला खरे काम एकच: एग्झेक्युटर. ऱ्हायडॉनचा अर्थक्वेक त्याला लागत नाही, पण रॉक टूम चौपट लागतो. तुमचे घोडे तिथेच पेंड खाते.

सुरुवात जोल्टिऑनने करा. पिजॉट फेदरडान्स टाकून अटॅक पाडतो, पण तिसऱ्या पिढीत (फायररेड त्यातलाच) विजेच्या सगळ्या चाली स्पेशल अटॅकवर चालतात, त्यामुळे थंडरबोल्टचे काही बिघडत नाही. सँड-अटॅकने नेम बिघडला तर बदली करा, परिणाम पुसला जातो. व्हर्लविंडने भलताच पोकेमॉन बाहेर आला तर घाबरू नका, परत जोल्टिऑन आणा.

ऱ्हायडॉन आला की लॅप्रसचा सर्फ, चौपट नुकसान. आर्केनाइनलाही तोच.

थंडरबोल्ट नसेल तर टीएम २४ (टीएम म्हणजे चाल शिकवणारे यंत्र) सेलाडॉन शहराच्या गेम कॉर्नरला ४,००० नाण्यांना मिळतो. ५०० नाणी १०,०००ला, म्हणजे ८०,००० मोजा. अ‍ॅम्युलेट कॉइन घेतले असेल (४० जाती पकडल्या की रूट १६ वर प्रोफेसर ओकचा मदतनीस देतो), तर ते धरलेला पोकेमॉन लढतीत उतरवा. बक्षीस दुप्पट होते. व्हीएस सीकरने जुन्या ट्रेनर्सना पुन्हा बोलावता येते, दर १०० पावलांनी तो भरतो.

---

गेंगार_प्रेमी:

वरच्या उत्तरात अलाकझाम राहून गेला, आणि अर्धे डाव तिथेच हातचे जातात.

त्याच्यावर स्नोरलॅक्स पाठवा. त्याचा स्पेशल डिफेन्स दांडगा, त्यामुळे सायकिक झेलतो. टीएम ३० शॅडो बॉल शिकवा (गेम कॉर्नर, ४,५०० नाणी). या पिढीत भूत प्रकार फिजिकल धरला जातो. स्नोरलॅक्सचा अटॅक जबर आणि अलाकझामचा डिफेन्स तोळामासा, शिवाय नुकसान दुप्पट. पण त्याने आधी रिफ्लेक्ट लावला तर हाच शॅडो बॉल पाच फेऱ्या निम्म्यावर येतो. तेव्हा हट्ट धरू नका, लॅप्रस आणून आइस बीम मारा. स्पेशल चालीला रिफ्लेक्ट अडवत नाही. फ्यूचर साइट दोन फेऱ्यांनी आदळतो आणि त्या वेळी जो मैदानात असेल त्याला लागतो, तेव्हा कमी एचपीचा गडी त्या फेरीत उभा ठेवू नका.

एग्झेक्युटर स्लीप पावडर टाकतो. फुल हील हाताशी ठेवा, चारिझार्ड झोपला तर लगेच वापरा.

आर्केनाइनवर चारिझार्डची आग वाया जाऊ शकते. त्याची क्षमता इंटिमिडेट किंवा फ्लॅश फायर असते. दुसरी निघाली तर फ्लेमथ्रोअर लागत नाहीच, उलट त्याची आग वाढते. इंटिमिडेट निघाली तर समोरच्याचा अटॅक पडतो, म्हणून स्नोरलॅक्स ढिला पडतो. दोन्हींवर लॅप्रसच बरा.

ब्लास्टॉइज रेन डान्स करतो. पाऊस पडला की पाणी दीडपट, आग निम्मी. स्कल बॅश दोन फेऱ्यांची चाल, पहिल्या फेरीत त्याचा डिफेन्स वाढतो, पण थंडरबोल्टला स्पेशल डिफेन्स पाहायचा असतो. म्हणजे जोल्टिऑनला एक घाव फुकट मिळतो. त्यासाठी जोल्टिऑन शेवटपर्यंत जिवंत हवा. पिजॉटवर त्याला पार खर्च करू नका.

ऑप्शन्समध्ये बॅटल स्टाइल ‘शिफ्ट’ आहे ना, तेही पाहा. ‘सेट’वर असेल तर त्याचा एक पोकेमॉन पडल्यावर फुकट बदली मिळत नाही आणि हे सगळे नियोजन फिसकटते. इंडिगो पठारावरच्या दुकानात रिव्हाइव्ह १,५००ला, फुल रिस्टोअर ३,०००ला. पैसे तोकडे असतील तर रिव्हाइव्ह जास्त घ्या. हरल्यावर काही पैसे जातात, पण मिळालेला अनुभव राहतो, त्यामुळे फेऱ्या मारणे वाया जात नाही. कडाब्रा देवाणघेवाणीशिवाय अलाकझाम होत नाही. सोय नसेल तर त्याच्यावर पातळी वाढवणारी रेअर कँडी खर्चू नका.

---

पॅलेट_टाउन:

गॅरीबद्दल. खेळात ब्लू हा एकच मापदंड आहे: तो आपल्या एक पाऊल पुढे असतो, म्हणून शेवटची लढत त्याच्याशीच हवी. मालिकेला तिचा नायक ॲशला वर्षानुवर्षे चालवायचे होते, तिथे गॅरीला शिखरावर बसवले असते तर गोष्ट अडकली असती. म्हणून इंडिगो लीगच्या चौथ्या फेरीत त्याचा निडोकिंग गोलेमसमोर पडतो, आणि ॲश स्वतः पाचव्या फेरीत रिचीकडून हरतो. त्यांची खरी लढत जोहतोच्या सिल्व्हर कॉन्फरन्समध्ये होते, सहा विरुद्ध सहा, आणि शेवटी चारिझार्ड ब्लास्टॉइजला हरवतो. नंतर गॅरी संशोधनाकडे वळतो. ओकच्या नातवाला हा शेवट फार शोभतो, असे माझे मत.

एक दुरुस्ती मात्र. ‘ब्लूचा रॅटिकेट एस.एस. ॲनवर मेला’ ही कहाणी सगळीकडे फिरते. तो जहाजावर असतो आणि पोकेमॉन टॉवरमध्ये नसतो, एवढेच खरे. खेळात त्याच्या मरणाचा कुठेही उल्लेख नाही.

---

जोहतोकर:

प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव त्याच्या संघातून कसा दाखवावा, याचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना गोल्ड-सिल्व्हर या खेळांमधला प्रतिस्पर्धी सिल्व्हर आहे. प्रोफेसर एल्मच्या प्रयोगशाळेतून तो तुमच्या निवडीला भारी पडणारा पोकेमॉन चोरतो, हरल्यावर दोष आपल्या पोकेमॉनना देतो. व्हिक्टरी रोडवर त्याच्याकडे गोलबॅटच असतो. गोलबॅटचा क्रोबॅट होतो तो फक्त जिव्हाळा वाढल्यावर. इंडिगो पठारावर, सोमवारी आणि बुधवारी, तो भेटतो तेव्हा तिथे क्रोबॅट असतो. तो बदलला आहे, हे एका उत्क्रांतीने कळते.

मालिकेत हेच उलट्या बाजूने ॲशचा प्रतिस्पर्धी पॉल याच्याकडे आहे. त्याने निरुपयोगी म्हणून सोडलेला चिमचार ॲशकडे इन्फरनेप होतो आणि सिन्नोह लीगमध्ये पॉलच्याच इलेक्टिव्हायरला हरवतो. त्या लढतीत पॉलची आखणी पाहा: ड्रेपिऑनने टॉक्सिक स्पाइक्स पसरवून ठेवायचे, म्हणजे पुढे उतरणाऱ्याला विष चढते. ब्लूच्या संघात असली एकही सापळ्याची चाल नाही, म्हणूनच बदल्या करत खेळणे त्याच्यावर इतके चालते.

---

रूट_बावीस:

बॅटल स्टाइल ‘सेट’वरच होती. ती बदलून जोल्टिऑन पुढे घेतला, शॅडो बॉलसाठी नाणी जमवणे चालू आहे. स्नोरलॅक्सची कोणती चाल काढू? सध्या बॉडी स्लॅम, रेस्ट, स्नोर, हेडबट.

---

गेंगार_प्रेमी:

हेडबट. बॉडी स्लॅम त्याच्याहून जोरदार आणि वर पॅरालिसिसची शक्यता. रेस्ट असेपर्यंत स्नोर ठेवा.