घरचा मुलगा म्हणून आणखी किती पराभव पोटात घालायचे?

ओमाहाचा_नाशिककर | रविवार, ११ सप्टेंबर २०२२, रात्री १२.५०

आत्ताच लिंकनहून सामना बघून घरी पोचलो. जॉर्जिया सदर्न ४५, नेब्रास्का ४२. झोप येणं शक्य नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, आणि तोही कॉलेजचा. नेब्रास्का राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. पाच राष्ट्रीय विजेतेपदं. १९६२ पासून आमच्या मेमोरियल स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. पंधरा वर्षांपूर्वी एमएस करायला आलो तेव्हा मला नियमही कळत नव्हते. आज माझ्या मुलीला कळतात.

कोच स्कॉट फ्रॉस्ट इथलाच, वुड रिव्हर गावचा. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू. २०१७ मध्ये कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला एकही सामना न हरता वर नेलं आणि मग घरी परतला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात लोकांनी पेढे वाटावेत तसे डोनट वाटले होते. आज त्याचा इथला हिशोब १६ विजय, ३१ पराभव. आठ गुणांच्या आत सुटलेल्या सामन्यांत ५ जिंकले, २२ हरले. नशीब एकदोनदा वाईट असतं, बावीस वेळा नसतं.

दोन आठवड्यांपूर्वी डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी होती. तेव्हा फ्रॉस्टनी ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे बॉल जवळच मारून आपणच परत पकडायचा जुगार. बॉल त्यांना मिळाला आणि सामना ३१-२८ गेला. आज तर आपल्या डिफेन्सने, म्हणजे बचावफळीने, समोरच्यांना ६४२ यार्ड पुढे सरकू दिलं. या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का याआधी कधीच हरला नव्हता, २१४ पैकी २१४ सामने जिंकलेले. आज ४२ करून हरलो.

शेवटची तीन मिनिटं राहिली असताना आपण पुढे होतो. जॉर्जिया सदर्नवाले मैदानभर चालत आले आणि ३६ सेकंद उरलेले असताना टचडाउन केलं, म्हणजे बॉल आपल्या टोकाच्या पट्ट्यात नेला. मग बरोबरी करू शकणारी आपली ५२ यार्डांची किक गोलबाहेर गेली. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसतात, ब्रोकन बोच्या बाजूचे, तीन-सव्वातीन तास गाडी चालवून येतात. एरवी हरलो तरी उठताना हात मिळवतात. आज ते मांडीवर लाल टोपी घेऊन तिच्या कडेचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मीच "सर, निघतो" म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. करारानुसार फ्रॉस्टना आज काढलं तर विद्यापीठाला दीड कोटी डॉलर मोजावे लागतात, १ ऑक्टोबरनंतर काढलं तर निम्मे. म्हणून तीन आठवडे थांबा, असं बरेच जण म्हणतायत. मला ते मान्य नाही. उद्या सकाळी काढा.

लिंकनची_मावशी | रविवार, सकाळी ७.१५

नाशिककर, तुमचं दुःख माझंही आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. मी १९९६ पासून इथे आहे. हा संघ कोच बदलूनच खड्ड्यात गेलाय. २००३ मध्ये कोच फ्रँक सोलिचना ९-३ (नऊ विजय, तीन पराभव) असताना काढलं. पुढच्याच वर्षी चार दशकांत पहिल्यांदा विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. २०१४ मध्ये बो पेलिनींना ९-३ असताना काढलं. त्यांच्यानंतर आलेले माइक रायली तिसऱ्या वर्षी ४-८ वर गेले. दर वेळी आपण म्हटलं, हा गेला की सगळं नीट होईल.

आणि टॉम ऑसबोर्न? १९७३ ला कोच झाले, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९४ ला. त्यांनाही लोकांनी "मोठा सामना जिंकता येत नाही" म्हणून बोल लावलेच होते. तेव्हाच्या लोकांनी तुमच्यासारखा धीर सोडला असता तर ती तीन विजेतेपदं आलीच नसती.

पर्ड्यूवाला_पक्या | रविवार, सकाळी ७.४०

असहमत. मावशी, ऑसबोर्न यांनी पंचवीस वर्षांत एकाही मोसमात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. फ्रॉस्टनी एका मोसमात जास्तीत जास्त पाच जिंकलेत. ही तुलना त्या मोठ्या माणसावर अन्याय आहे.

वऱ्हाडी_हस्कर | रविवार, सकाळी ९.०५

मी मूळचा नागपूरचा, म्हणून दुसरं उदाहरण देतो. विदर्भाच्या रणजी संघाला आमच्याकडे कोणी विचारत नव्हतं. चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि २०१७-१८ व २०१८-१९, लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक नागपुरात आला. यंदा जूनमध्ये त्याच पंडितांनी मध्य प्रदेशला मुंबईविरुद्ध अंतिम सामना जिंकून दिला. ते स्वतः मुंबईचे! ना विदर्भाचे, ना मध्य प्रदेशचे.

बाहेरच्या माणसाला कामावरूनच जोखतात. घरच्याला आपण बालपणीच्या फोटोवरून जोखतो. २०२१ मध्ये ३-९ झालं तेव्हा त्यातला एकही पराभव नऊपेक्षा जास्त गुणांचा नव्हता, म्हणून सगळे म्हणाले, "अगदी जवळ आलोय." आक्रमणाचे चार सहायक कोच काढले, फ्रॉस्टनी पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाख करून घेतला आणि त्यांना आणखी एक वर्ष दिलं. त्यांच्या जागी परका कोच असता तर आपण दिलं असतं का?

लिंकनची_मावशी | रविवार, सकाळी ९.३०

नसतं दिलं. हे मला मान्य करावं लागेल. पण घरच्याला एक वर्ष जास्त देणं हा मी दोष मानत नाही.

माझी काळजी मुलांची आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. कोच त्यांच्या घरी जातो, आईवडिलांसमोर बसून शब्द देतो, तेव्हा ती इथे येतात. तिसऱ्या सामन्यानंतर तो माणूसच नाहीसा झाला तर त्यांनी कोणाकडे बघायचं? पुढच्या शनिवारी समोर ओक्लाहोमा आहे.

ओमाहाचा_नाशिककर | रविवार, सकाळी १०.१०

मावशी, मुलांसाठीच म्हणतोय. तारीख ठरवून थांबायचं म्हणजे त्यांना सांगायचं, "तुमचा कोच जाणार आहे, पण पैसे वाचावेत म्हणून तोवर तुम्ही त्याच्यासाठी अंग मोडून खेळा." त्यांचं एक वर्ष पुन्हा येत नाही.

आणि कालच्या सामन्यात पलीकडे कोच कोण होता बघा. क्ले हेल्टन. गेल्या सप्टेंबरमध्ये यूएससीने, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने, त्यांना दोन सामन्यांनंतर काढलं होतं. वर्षभरात ते जॉर्जिया सदर्नला घेऊन इथे आले आणि आपल्याला हरवून गेले. काढल्याने कोणाचं आयुष्य संपत नाही.

पर्ड्यूवाला_पक्या | रविवार, दुपारी १.२०

बातमी आली. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, ट्रेव्ह अल्बर्ट्सनी फ्रॉस्टना काढलं. उरलेल्या मोसमासाठी मिकी जोसेफ, तेही इथलेच जुने क्वार्टरबॅक.

डेटा_आणि_भाकरी | रविवार, दुपारी २.००

मला कोच राहिला की गेला यात रस नाही. मला त्या ७५ लाखांची चीड आहे. तीन आठवड्यांसाठी ७५ लाख डॉलर जास्तीचे! मी याच राज्यात शिकवते. माझ्या विभागात एक जागा भरायला वर्ष-वर्ष मंजुरी मिळत नाही. देणगीदार एका फोनवर हा पैसा उभा करू शकतात, मग प्रयोगशाळेसाठी का नाही?

वऱ्हाडी_हस्कर | रविवार, दुपारी २.२५

ताई, ॲथलेटिक विभागाचा पैसा तिकिटं, देणग्या आणि टीव्हीतून येतो, तुमच्या विभागाच्या बजेटमधून नाही. गेल्या महिन्यात बिग टेनने, म्हणजे आपण ज्या विद्यापीठांच्या लीगमध्ये खेळतो तिने, सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वर टीव्ही करार केला.

डेटा_आणि_भाकरी | रविवार, दुपारी २.४०

खिसा वेगळा आहे हे मला ठाऊक आहे. माणसं तीच आहेत. देणगी कशासाठी द्यायची हे तीच ठरवतात, आणि त्यांच्या लेखी काय मोठं आहे ते आज कळलं.

ओमाहाचा_नाशिककर | रविवार, दुपारी ३.१५

तुमच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः तिकिटासाठी जेवढे पैसे देतो तेवढे विद्यापीठाच्या दुसऱ्या कशालाही कधी दिले नाहीत.

बातमी वाचून आनंद होईल असं वाटलं होतं. मुलीने विचारलं, "आता तुमच्या भिंतीवरचा त्याचा फोटो काढायचा का?" १९९७ चा आहे. नाही म्हटलं.

लिंकनची_मावशी | रविवार, संध्याकाळी ५.५०

फोटो राहू द्या. तो खेळाडूचा आहे.

पण एक करा. पुढचा कोच कोणीही येवो, त्याला किती वर्षं देणार ते आजच इथे लिहा. तिसऱ्या पराभवानंतर तो आकडा बदलायचा नाही.

ओमाहाचा_नाशिककर | रविवार, रात्री ९.०५

चार. पहिल्या दोन वर्षांत मी स्कोअर बघणार नाही. आघाडी असताना चौथ्या क्वार्टरमध्ये संघ काय करतो, एवढंच बघेन.

लिंकनची_मावशी | रविवार, रात्री ९.१२

चार वर्षं. वहीत लिहून ठेवलं. शनिवारी माझं तिकीट उत्तरेच्या स्टँडमध्ये आहे, ब्रोकन बोचे काका आले तर त्यांना माझाही नमस्कार सांगा.