'सिंगल-पायलट' हेलिकॉप्टरमध्ये दोन वैमानिक: मराठीत काय लिहायचं?

प्रश्न: 'सिंगल-पायलट सर्टिफाइड'ला मी 'एकवैमानिकी हेलिकॉप्टर' लिहिलं. पुढच्याच वाक्यात त्यात दोन वैमानिक बसले! शिवाय दुसऱ्याला सरसकट 'सहवैमानिक' म्हणावं का?

प्रतिसाद: 'एकवैमानिकी' नको, खुर्ची एकच असल्यासारखं वाटतं. प्रमाणपत्र फक्त किमान संख्या सांगतं. फ्लाइट मॅन्युअलच्या मर्यादांच्या प्रकरणात 'मिनिमम फ्लाइट क्रू' अशी नोंद असते. बऱ्याच हेलिकॉप्टरांत तिथेच फोड सापडते: व्हीएफआरला (बाहेर बघत, नजरेने उडताना) एक, आयएफआरला (उपकरणांच्या भरवशावर उडताना) दोन, किंवा ठरावीक ऑटोपायलट बसवलेला असेल तर एक. म्हणून 'किमान एका वैमानिकासाठी प्रमाणित' लिहा. लांबलं तरी चालेल.

दुसरा वैमानिक येतो तो उड्डाणाच्या नियमातून, कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधून किंवा गिऱ्हाइकाच्या करारातून. युरोपात व्यावसायिक वाहतुकीला ओआरओ.एफसी.२०० हा नियम लागू होतो: मान्य प्रवासी जागा ९ पेक्षा जास्त असतील तर आयएफआरला दोन वैमानिक हवेत, १९ पेक्षा जास्त असतील तर कायमच. यंत्राचं प्रमाणपत्र काहीही म्हणो.

प्रतिसाद: 'सहवैमानिक' जपून वापरा, त्यावर लॉगबुकातले तास ठरतात. अमेरिकेच्या उड्डाण नियमांतल्या कलम ६१.५१ प्रमाणे 'सेकंड-इन-कमांड'चे (म्हणजे सहवैमानिकाचे) तास तेव्हाच लिहिता येतात, जेव्हा यंत्राच्या प्रमाणपत्राने किंवा त्या उड्डाणाच्या नियमांनी एकापेक्षा जास्त वैमानिक मागितलेले असतात. मालक स्वतःच्या हेलिकॉप्टरमधून नजरेने उडतोय आणि मित्र डावीकडे नकाशा धरून बसलाय, तर मित्राच्या लॉगबुकात शून्य. मात्र मालकाने सरावासाठी डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारा आडोसा) चढवला की कलम ९१.१०९ नुसार सेफ्टी पायलट, म्हणजे बाहेर लक्ष ठेवणारा वैमानिक लागतो. मग मित्राचे तास धरतात, पण हूड असेपर्यंतच.

अमेरिकेतच भाड्याच्या उड्डाणात कलम १३५.१०१ प्रवाशांसह आयएफआरला दुसरा वैमानिक मागतो. १३५.१०५ ची सवलत घ्यायची तर चालू स्थितीतला मान्य ऑटोपायलट, ऑपरेशन्स स्पेसिफिकेशनमधली (नियामकाने कंपनीला मंजूर केलेल्या अटींमधली) परवानगी आणि कमांडरचे त्याच मॉडेलवरचे किमान १०० पीआयसी (पायलट-इन-कमांड म्हणून केलेले) तास, तिन्ही हवेत. म्हणजे नियमाने लागतो तो 'सहवैमानिक', एरवी 'दुसरा वैमानिक'.

प्रतिसाद: दुसरा माणूस बसवला म्हणजे जोडी झाली असं नाही. आधी डावीकडचे कंट्रोल्स बसवलेले आहेत का पाहा. मग त्या बाजूला स्वतंत्र उपकरणं आहेत का पाहा. नसतील तर ढगात तो उडवणार कशावर? पुढच्या खुर्चीतल्या माणसाचं वजन गुरुत्वमध्य पुढे नेतं आणि प्रवाशांचा किंवा इंधनाचा वाटा खातं, म्हणून वजनाचं गणित नव्याने करावं लागतं.

खरी गोची चेकलिस्टची. ती एकट्यासाठी लिहिलेली असते. कोण वाचणार, कोण स्विच हलवणार, कोण खात्री करणार हे कंपनीने लिहून वाटून दिलं नाही, तर वेग घसरताना दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय. ताबा देताना-घेताना 'यू हॅव कंट्रोल', 'आय हॅव कंट्रोल' मोठ्याने झालंच पाहिजे. युरोपात हेलिकॉप्टरच्या एमसीसी (मल्टी-क्रू कोऑपरेशन, जोडीने काम करायच्या) अभ्यासक्रमात २५ तास वर्ग असतो; प्रात्यक्षिक आयएफआरला साधारणपणे २० तास, व्हीएफआरला १५.

प्रश्नकर्ता: जोडीतला जो उडवत नाही, लक्ष ठेवतो, त्या 'पायलट मॉनिटरिंग'ला 'निरीक्षक' चालेल?

प्रतिसाद: नाही, परीक्षा घ्यायला आलेला अधिकारी वाटतो. 'पायलट फ्लाइंग' आणि 'पायलट मॉनिटरिंग' तसेच ठेवा. आणि 'पायलट फ्लाइंग'ला 'मुख्य वैमानिक' करू नका; कमांडर बऱ्याचदा मॉनिटरिंगवर असतो.