मदत हवी आहे : आईच्या दातांवरचे मिसरीचे डाग कसे घालवावेत?

निपाणीची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी विचारतेय. आई साठीच्या पुढची. आमचा भाग तंबाखूचा, त्यामुळं तव्यावर भाजून कुटलेली मिसरी घरोघरी. आईनंही मुलगी असल्यापासून लावली. गेल्या वर्षी मात्र तिनं ती आपणहून सोडली. तिच्या वयात हे सोपं नाही, मला तिचा फार अभिमान वाटतो.

पण दात तसेच राहिलेत. पुढच्या दातांवर तपकिरी थर, दोन दातांच्या फटीत आणि हिरडीलगत काळी रेघ, बाकी भाग पिवळट. वरच्या एका दातावर जुनी सिरॅमिकची कॅप आहे, तेवढीच पांढरी उठून दिसते. दिवाळीनंतर धाकट्या भावाचं लग्न आहे आणि आई आत्तापासूनच म्हणायलीय, "फोटोत मी तोंडाला पदर लावूनच बसणार." ऐकून पोटात तुटतं.

एका दवाखान्यात लाइटखाली एका बैठकीत दात पांढरे करून देतो म्हणाले. भावानं कोळशाची पावडर मागवलीय. शेजारच्या काकू लिंबू-मीठ लाव म्हणतात. ब्लीचिंगनं मिसरीचा डाग जातो का? कॅपचं काय होईल? आईला आत्ताच थंड पाणी लागतं, तिला हे झेपेल का?

टिळकवाडीकर

ताई, लिंबू-मीठ अजिबात नको. लिंबाच्या आम्लानं दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, मऊ पडतं आणि त्यावर मीठ घासलं की झिजतं. झिजलेलं एनॅमल परत येत नाही, उलट आतला पिवळा भाग जास्त दिसायला लागतो.

दंतवैद्य_बेळगाव

ताई, आईंचं आधी अभिनंदन सांगा.

त्यांच्या दातांवर दोन वेगळे रंग आहेत. तपकिरी थर आणि काळी रेघ बाहेरून बसलेली आहे, तंबाखूचा डाग आणि त्याखालचं कीटण. हे ब्लीचिंगचं काम नाही, ते स्केलिंग (अवजारानं कीटण काढणं) आणि पॉलिशिंगनं निघतं. स्केलिंगनं दात हलतात अशी भीती आपल्याकडं पुष्कळ आहे. खरं तर कीटणामुळं हिरडी आधीच सुटलेली असते, ते काढल्यावर फट उघडी दिसते इतकंच. बऱ्याच जणांना स्केलिंगनंतर पुढं काही करावंसं वाटत नाही.

पिवळटपणा आतला. वयानुसार एनॅमल पातळ होतं आणि खालच्या डेंटीनचा, म्हणजे आतल्या पिवळ्या थराचा, रंग वर दिसतो. ब्लीचिंगचं जेल इथं उपयोगी पडतं. त्यातलं पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणारे मोठे रेणू फोडतं, दात खरवडत नाही. घरी ट्रेमध्ये, म्हणजे दातांच्या मापाच्या पातळ साच्यात, भरून लावायचं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. रोज रात्री लावून दोनेक आठवड्यांत फरक दिसतो. दवाखान्यातलं जेल २५ ते ४० टक्क्यांचं असतं, काम लवकर होतं, पण सणकही जास्त बसते. लाइटनं निकालात फारशी भर पडत नाही. त्या दिवशी दात जास्त पांढरे दिसतात त्यात ते कोरडे पडल्याचाही भाग असतो. आईंना थंड लागतं म्हणता, तर मी घरचं सौम्य जेलच निवडेन, तेही एक रात्र आड.

कोळशाची पावडर खरखरीत असते, वरचा डाग थोडा घासून निघतो, पण सोबत दातही. भावाला ती ठेवून द्यायला सांगा.

कॅपवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही. तुमच्या आईंची कॅप आधीच पांढरी आहे, तर बाकीचे दात तिच्या जवळ आणणं हेच ध्येय. कॅप बदलायचीच असेल तर ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे थांबून, रंग स्थिर झाल्यावर.

निपाणीची_लेक

डॉक्टर, मनापासून आभार. हिरडी खाली सरकून काही दातांची मुळं उघडी दिसतात. तिथं जेल लागलं तर?

दंतवैद्य_बेळगाव

तीच सणकेची जागा. मुळावर एनॅमल नसतं, तो भाग ब्लीचनं फारसा उजळतही नाही. ट्रे हिरडीच्या कडेपर्यंतच कापून घ्यावा लागतो. आधी काही आठवडे पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरू द्या. त्यानंही थंड लागणं कमी झालं नाही तर ब्लीचिंग सोडून द्या, स्केलिंगवर थांबा.

आणि एक गोष्ट रंगाच्या आधीची. इतकी वर्षं तंबाखू लागलेलं तोंड आहे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, ओठाच्या आत न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, बरं न होणारी जखम आहे का, हे पहिल्याच भेटीत तपासून घ्या. बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आहे, कोल्हापूर तुम्हाला आणखी जवळ. जिथं सोयीचं तिथं जा, पण लग्नाची खरेदी सुरू व्हायच्या आत.

निपाणीची_लेक

या सोमवारीच घेऊन जाते. तपासणी आणि स्केलिंग आधी, ट्रेचं नंतर बघू. आईला तुमचा निरोप वाचून दाखवला, "दात हलणार नाहीत ना?" एवढंच परत विचारलं आणि यायला तयार झाली.