इन(३आर)पेन इन्व्हर्जन: माश्या लहान निघायच्या ऐवजी मोठ्या का?

व्हायल२५: ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीच्या दोन लाइन (वेगवेगळे वाढवलेले वंश) आहेत, एक इन(३आर)पेन इन्व्हर्जनची (तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेचा, म्हणजे ३आरचा, एक तुकडा उलटा बसलेला), दुसरी स्टँडर्ड (तुकडा सरळ). इन्व्हर्जनवाली लहान असते असं वाचलंय. पंख मोजले तर तीच मोठी. २५ अंश, अंडी मोजली नव्हती. चुकतंय कुठे?

ओल्याब्रशवाला: अंडी मोजली नाहीत, तिथेच. गर्दीत अळ्यांना यीस्ट पुरत नाही, माशी बारीक निघते. इन्व्हर्जनची लाइन अंडी कमी घालत असेल तर तिच्या व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या बाटलीत) गर्दी कमी, म्हणून माश्या मोठ्या. द्राक्षरस-अगारवर चार तास अंडी घालू द्या, ओल्या ब्रशनं उचलून दर व्हायलला ५० ठेवा. थंडीत वाढलेली माशी मोठी होते, तेव्हा इन्क्युबेटरमध्ये व्हायलच्या जागा रोज बदला. नर-मादी वेगळे मोजा.

उलटातुकडा: गर्दी सुधारली तरी दोन लाइनवरून काहीच ठरणार नाही. तुकडा उलटला म्हणून माशी लहान होत नाही. एक गुणसूत्र उलटं, एक सरळ अशा मादीत त्या भागात एकेरी क्रॉसिंग-ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) झालं, तर दोन सेंट्रोमिअरचं (पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं तो बिंदू) किंवा सेंट्रोमिअरच नसलेलं गुणसूत्र बनतं आणि ते अंडपेशीच्या केंद्रकात जात नाही. त्यामुळे आतल्या सुमारे ८० लाख बेसजोड्यांमधली अॅलील (जनुकांची रूपं) एकगठ्ठा राहतात. आकारावर परिणाम त्यांचा. उरलेला जीनोम मात्र दर लाइनला वेगळा. एका लाइनच्या २०० माश्या मोजल्या तरी नमुना एकच! दोन्ही प्रकारच्या किमान दहा-दहा लाइन हव्यात, त्याही एकाच ठिकाणच्या. फ्लोरिडात दोन्ही प्रकार भरपूर सापडतात. उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया, दोन्हींच्या पूर्व किनाऱ्यावर हे इन्व्हर्जन उष्ण टोकाकडे वाढत जातं, आणि ते असलेल्या माश्या लहान असतात. शिवाय मोजायच्या माश्या एकाच प्रकारच्या दोन लाइनच्या संकरातून घ्या, नाहीतर अंतःप्रजननातले रिसेसिव्ह (दोन्ही प्रती सदोष असल्या तरच दिसणारे) दोष आकारात मिसळतात.

ओल्याब्रशवाला: मान्य, लाइनची संख्या आधी.

व्हायल२५: लाइनमध्ये इन्व्हर्जन अजून आहे का, हे पीसीआरशिवाय कळेल?

उलटातुकडा: कळेल. त्या लाइनचा एक नर स्टँडर्ड मादीला द्या. पिल्लांपैकी भिंतीवर चढलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या आठ अळ्यांच्या लाळग्रंथी काढून अॅसिटो-ऑर्सीनमध्ये रंगवा आणि दाबा. सगळ्यांत ३आरवर फास (उलटा आणि सरळ तुकडा जुळताना पडणारं वेटोळं) दिसला तर नराची दोन्ही गुणसूत्रं उलटी. त्याचं एकच उलटं असेल तर आठही फास दिसण्याची शक्यता २५६ त एक. थेट त्याच लाइनच्या अळ्या दाबू नका: दोन्ही उलटी असली की जोडी सरळ जुळते, फास पडतच नाही.