दसऱ्याच्या सुट्टीत पाच माणसं, सहा हजार रुपये: समुद्र बघून होईल काय?

वडगावचा मागवाला
नमस्कार मंडळी. मी बेळगाव-वडगावचा. घरात दोन माग, त्यातला एक सध्या बंद. आई, बायको, दोन पोरं (थोरला नववीत, धाकटी पाचवीत) आणि मी. बेळगावातनं समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटर, तरी धाकटीनं अजून बघितलेला नाही. वर्गातल्या पोरी शिंपले आणून दाखवतात म्हणे. भिशीचे सहा हजार आलेत, दोन रात्री काढायच्या आहेत. सगळे तारकर्लीच सांगतात. मे महिन्यात एका ठिकाणी फोन केला, तर एका खोलीचे रात्रीला साडेतीन हजार म्हणाले, आणि पाच माणसं म्हटल्यावर "दोन खोल्या घ्याव्या लागतील". मी फोनच ठेवला. गाडी नाही, बसनं जाणार. आई मासे खात नाही. तिचं आणि बायकोचं शक्तीचं (आपल्या कर्नाटक सरकारची बायकांना बस फुकट, ती योजना) फुकट तिकीट तिकडं चालतं काय?

कॅम्पातला
चोर्ला घाट उतरायचा आणि सरळ गोवा की! आम्ही चौघं बाईकवरनं सकाळी गेलो, रात्री परत. खर्च पेट्रोलचा तेवढा.

वडगावचा मागवाला
भावा, आईला बाईकवर कुठं बसवू?

खानापूरची अक्का
मागवाले दादा, पहिल्यांदा तिकिटाचं सांगते. शक्ती योजना 2023 च्या जूनपासनं आहे, पण ती कर्नाटकातल्या कर्नाटकात. आंबोलीवरनं कोकणात जाणाऱ्या बसला तिचा उपयोग नाही. मात्र महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीत. म्हणून तुम्ही लाल एसटीच धरा. आम्हाला कंडक्टरनं शिनोळीपर्यंत पूर्ण आणि पुढं अर्धं लावलं होतं. धाकटीचं वय बारापेक्षा कमी, तिचंही अर्धंच.

आता खरी गोष्ट. तुम्ही मे महिन्यात विचारलात, तिथंच चुकलं. मे आणि दिवाळी म्हणजे सगळा महाराष्ट्र कोकणात. आपल्या पोरांना मात्र कर्नाटकाची सुट्टी असते, दसऱ्याची, चांगली लांबलचक. तेव्हा तिकडच्या शाळा चालू असतात. सीमाभागात राहून आपल्याला काय मिळालं म्हणून लोक विचारतात, मी म्हणते ही एक सुट्टी मिळाली! नवरात्र उठल्यावर सोमवार ते बुधवार जावा. शनिवार-रविवार नको, गोव्याकडनं माणसं येतात.

आणि तारकर्लीचा हट्ट सोडा. पाण्याला लागून खोली घेतली की त्या पाण्याचे पैसे लागतात. मी वेंगुर्ल्याला जाते. सावंतवाडीला बस बदलावी लागली तरी पुढं तासाभराचा रस्ता. राहायचं बाजारात, स्टँडच्या जवळ. गेल्या दसऱ्याला आम्हाला मोठी खोली अकराशेला मिळाली, जादा गादीचे दीडशे. फोनवर ठरवू नका. दोन ठिकाणी आत जाऊन नळ सोडून बघा, मग भाव करा. एकदा मी न बघता पैसे दिले आणि रात्रभर ढेकणांशी भांडले.

सकाळी बंदरावर जावा, होड्या आलेल्या असतात, त्याला तिकीट नाही. बाजूला जुनी डच वखार पडलेली आहे, थोरल्याला दाखवा. तिसरे प्रहरी रिक्षानं उभादांड्याला, सागरेश्वराच्या किनाऱ्यावर. वाळू, सुरूची झाडं आणि देऊळ. आई देवळात बसतील, पोरं वाळूत. पाण्यात मात्र घोट्यापर्यंतच सोडा. परतीच्या पावसाचे दिवस, समुद्र अजून निवलेला नसतो, आणि आपली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत.

दुसऱ्या दिवशी शिरोड्याची एसटी धरून आरवलीला उतरा. तिथं वेतोबा. उंचापुरा, राखणदार देव. रात्री गावभर फिरतो म्हणून लोक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि झिजलेल्या वहाणा बघून खात्री पटते म्हणे. धाकटी त्या वहाणा बघून समुद्र विसरेल.

खायचं म्हणाल तर एक वेळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरनंच न्या, दोन दिवस काही होत नाही. एक वेळ खाणावळीत: तुम्हाला बांगडा, आईंना काळ्या वाटाण्याचं सांबार. सुरमईचा भाव आधी विचारा, ताटात आल्यावर नको. आमचे बसला दीड हजार, खोलीला अडीच, खाण्याला सोळाशेच्या आसपास गेले. वर रिक्षा.

कारवारचा जावई
अक्का, शक्ती आहे तर वाया का घालवायची? यल्लापूर-अंकोला करून साध्या बसनं गोकर्ण नाहीतर कारवार गाठायचं, बायकांचं भाडं शून्य. गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन होतं आणि देवळामागं चालत गेलं की समुद्र. कारवारला तर गावातच किनारा. आईंना शाकाहारी जेवण चांगलं मिळेल, आणि आपली मराठी-कोकणी चालते.

खानापूरची अक्का
जावईबापू, तुमचं बरोबर, पण दसऱ्यात नको. सुट्टी सगळ्या कर्नाटकाला एकदमच. बेंगळुरूची माणसं तेव्हा गोकर्णातच असतात. बसचं वाचलेलं भाडं खोलीत जातं, आणि फुकटच्या बसमध्ये दादांच्या आईंना यल्लापूरपर्यंत उभं राहावं लागलं तर? जानेवारीत मी स्वतः तिकडंच जाईन.

मालवणी मेव्हणा
वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन सिंधुदुर्ग किल्ला बघायचा नाही? चारी बाजूला खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी. नववीतल्या पोराला दाखवायलाच पाहिजे.

खानापूरची अक्का
दाखवावाच. पण पाच जणांची होडी, वर मालवणची जा-ये, सहा हजारात कुठनं काढायची? तो पुढच्या भिशीला.
दादा, एक राहिलं. सीमाप्रश्नावरनं कुठं काही झालं की दोन्हीकडच्या बसा हद्दीवरच थांबतात. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन बोर्ड बघून या, मोबाईलवर विश्वास ठेवू नका.

वडगावचा मागवाला
ठरलं अक्का, वेंगुर्ला. दसरा झाला की पुढचा सोमवार. घरात वाचून दाखवलं. थोरला किल्ल्यावरनं रुसलाय, त्याला पुढच्या भिशीचं सांगितलं. आई विचारायलीय, वेतोबाला वहाणा परवडायच्या नाहीत, दुसरं काय चालतं?

खानापूरची अक्का
केळ्यांचा घड. तोच मुख्य. देवळापाशीच मिळतो, बेळगावातनं डोक्यावर घेऊन जाऊ नका. आणि घड नसला तरी दोन केळी चालतात म्हणून सांगा आईंना.