मिंगा म्हणजे आपली सावड

स्पॅनिश शिकणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यांना कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे माहितीपट दाखवू नयेत, उच्चारांनी ते गोंधळतात, असं तुमचं म्हणणं. गोंधळतात हे खरं. पण मी तरीही दाखवते. तीन-चार मिनिटांचाच तुकडा घ्यायचा, आधी उपशीर्षकांशिवाय, मग स्पॅनिश उपशीर्षकांसह. शब्दाच्या शेवटचा 'स' तिकडे विरून जातो, हे एकदा कानाला कळलं की निम्मी अडचण सरते.

कोलंबियाच्याच काउका भागातल्या आदिवासींच्या चित्रणात 'मिंगा' हा शब्द सतत येतो. मूळ केचुआ या दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी भाषेतला. 'सामुदायिक श्रम' असा अर्थ फळ्यावर लिहिला तर वर्ग थंड बसतो. 'सावड' किंवा 'इर्जिक' म्हटलं की गावाकडची मुलं लगेच मान डोलावतात. पुढे हेही सांगावं लागतं, की तिथे हाच शब्द मोर्चालाही वापरतात. २००८ मध्ये हजारो लोक मिंगा म्हणून राजधानी बोगोतापर्यंत चालत गेले होते.

सान बासिलिओ दे पालेंकेबद्दल मात्र एक विनंती. गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेलं हे गाव किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहरापासून फार लांब नाही. तिथली पालेंकेरो ही 'बिघडलेली स्पॅनिश' नव्हे, स्वतंत्र क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून घडलेली भाषा आहे, हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा. तिच्यात नकाराचा 'नु' वाक्याच्या शेवटी येतो, अगदी आपल्या 'मला माहीत नाही'सारखा. स्पॅनिशमध्ये 'नो' क्रियापदाआधी येतो. हा फरक मुलांना स्वतःच ऐकून शोधू द्या.